हारीत म्हणजे कोणता पक्षी?

गेल्या महिन्याच्या टपालात सोलापूरच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले. त्यांची कन्या महाविद्यालयात संस्कृत घेऊन शिकत आहे. रघुवंशाचा चौथा सर्ग वाचीत असता तिला ‘हारीत’ हा शब्द अडला. घरातील कोश उघडला, तो ‘एक पक्षी’ एवढाच अर्थ मिळाला. टीका पाहिली, तेथे ‘पक्षिविशेष’. भगिनी लिहितात, “पक्षी आहे हे आम्हांसही कळले होते, परंतु कोणता पक्षी? आपला सारा जन्म संस्कृत शिकविण्यात गेला आहे. आपणांस ठाऊक असेलच.”

हे शेवटचे वाक्य वाचून आम्ही चष्मा काढून खाली ठेविला. कारण हाच प्रश्न पूर्वी एकदा भर वर्गात एका चौदा वर्षांच्या मुलाने आम्हांस विचारला होता. त्या वेळी आम्ही दिलेले उत्तर चुकीचे होते, आणि ते चुकीचे होते हे कळण्यास आम्हांस सेवानिवृत्त व्हावे लागले. भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी त्या जुन्या उत्तराचा हिशेब चुकता करणे आम्हांस भाग आहे.

आमची शाळा कोल्हापूरच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या पायथ्याशी. हा मुलगा डोंगरातील एका वाडीवरून रोज दीड कोस चालत येई. बापाची डोंगरउतारावर थोडी भातशेती होती. घरात अक्षरओळख असलेला हा पहिलाच. आम्ही वरच्या वर्गास रघूच्या दिग्विजयाचे निवडक श्लोक शिकवीत होतो. कावेरी ओलांडून रघूचे सैन्य मलय पर्वताच्या पायथ्याशी उतरते आणि तेथे मिऱ्यांच्या रानांतून हारीत पक्षी भरारत असतात, असे कालिदासाने सांगितले आहे. आम्ही अर्थ सांगितला, “हारीत म्हणजे पोपट.” तो मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, पोपटाला शुक म्हणतात ना? मग हारीत निराळा असेल. आमच्या वाडीच्या वडावर हिरवी पाखरे येतात, कबुतरासारखी. त्यांना हरोळी म्हणतात. ती तर नसतील?”

आम्ही म्हणालो, “संस्कृत शब्दाचा अर्थ कोशात शोधावयाचा असतो, वडावर नव्हे.” सारा वर्ग हसला. आपण मोठे मार्मिक बोललो असे वाटून आम्हीही किंचित हसलो असू. पुढे सहामाही परीक्षेत शब्दार्थांच्या प्रश्नात आम्ही हा शब्द मुद्दाम घातला. त्या मुलाने उत्तर लिहिले, ‘हरोळी, हिरव्या रंगाचे कबूतर’. आम्ही त्यावर तांबडी रेघ ओढून अर्धा गुण कापला. पुढील वर्षी त्याने संस्कृत सोडून दिले. विभक्तीची रूपे जड गेली असतील, असे त्या वेळी आम्ही मनाशी म्हटले.

आता ‘पोपट’ हा अर्थ आम्ही कोठून आणिला, हेही सांगितले पाहिजे. कोशातून तर तो नव्हताच. ‘हरित’ म्हणजे हिरवा, आणि हिरवा पक्षी म्हटला की शहरात वाढलेल्या माणसास पोपटच आठवतो. शिवाय आमच्या डोक्यात बाणभट्टाची कादंबरी घोळत होती. शबरांच्या शिकारीत झाडावरून खाली पडलेले शुकाचे पिलू स्नानास निघालेल्या ज्या मुनिकुमारास दिसते आणि जो ते आश्रमात नेववितो, त्या जाबालिपुत्राचे नाव हारीत. हारीत आणि पोपट ही जोडी मनात अशी पक्की बसली होती की, तेथे हारीत हा पोपट नसून पोपटास वाचविणारा आहे, हेही आम्ही विसरलो. हारीत नावाचे स्मृतिकार आहेत, हारीत हे गोत्रही आहे. ह्या सर्व हारीतांची आम्हांस माहिती होती. माहिती नव्हती ती त्या पाखराची तेवढी.

आमच्या बाजूने एक गोष्ट सांगता येईल, परंतु ती निमित्त म्हणून नव्हे. आपले जुने कोश ह्या कामी फार साहाय्य करीत नाहीत. अमरकोशात हारीताचे नाव सिंहादिवर्गात येते. तेथे त्याच्या लगतची नावे मद्गु, कारंडव आणि प्लव. हे तिन्ही पाण्यातील पक्षी. नुसत्या पाठांतराने चालणारा विद्यार्थी हारीतासही तळ्यात पोहावयास लावील. टीकाकारांची अडचण निराळी. ते ज्यांच्यासाठी लिहीत होते त्यांनी पक्षी पाहिलेला आहे, असे गृहीत धरून ते ‘पक्षिविशेष’ म्हणून पुढे जात. पुढील पिढ्यांनी पक्षी पाहण्याचे सोडले आणि ‘विशेष’ हा शब्द तेवढा जपून ठेविला. ज्या शब्दाने ‘येथे काही विशेष आहे, जाऊन पाहा’ असे सुचवावे, त्याच शब्दाने आम्ही पाहण्याचे दार लावून घेतले.

ते दार पुन्हा उघडले ते असे. निवृत्तीनंतर आम्ही देवळामागील जुन्या घरात राहावयास आलो. परसाच्या पलीकडे एक मोठा वड आहे. चैत्रात त्याची फळे तांबडी झाली की झाडाखाली त्यांचा सडा पडतो. सकाळी आम्ही पारावर बसलो असता वरून फळे टपटप पडत. परंतु पाडणारा कोण हे दिसत नसे. पोपट असतील, असे आम्ही म्हणालो. त्यावर आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, पोपट इतका वेळ गप्प राहील का?” ह्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. भाच्याकडून दुर्बीण मागून आणिली आणि पारावर उताणे पडून, मान अवघडेपर्यंत वर पाहिले. पहिले दोन दिवस पानांशिवाय काही दिसले नाही. तिसऱ्या दिवशी देवळात कोणी मोठ्याने घंटा वाजविली आणि त्या रिकाम्या वाटणाऱ्या वडातून पंखांचा मोठा फडफडाट करीत वीस-पंचवीस पक्षी एकदम बाहेर पडले. आमच्या अगदी डोक्यावर इतके पाहुणे जेवीत होते आणि आम्हांस एकाचाही पत्ता नव्हता!

त्यानंतर आम्ही ते नीट पाहू लागलो. वाचकांपैकी कोणाच्या घराजवळ वड, पिंपळ किंवा नांदरूक असेल तर त्यांनाही हे पाहता येईल, म्हणून खुणा सांगतो. वडावर येणारे हिरवे पक्षी मुख्यत्वे तीन घराण्यांचे. पोपट तर सर्वांच्या ओळखीचा. चोच बाकदार, शेपटी लांब व निमुळती, आणि फळ पायाच्या मुठीत धरून कुरतडण्याची खोड. अर्धे खाऊन अर्धे टाकील आणि सारा वेळ बडबडेल. दुसरा तांबट व त्याचे भाऊबंद. चोच जाड, तिच्या बुडाशी मिशांसारखे राठ केस, मान आखूड. आणि ‘पुक् पुक्’ असा एका तालावर चाललेला ठोका, जणू तांबटआळीच. पोपट आणि तांबट ह्या दोघांच्या पायांची दोन बोटे पुढे व दोन मागे असतात. तिसरा आमचा पाहुणा. चोच कबुतराची, मऊ बुडाची; मान गोल; पायांची तीन बोटे पुढे व एक मागे. तो फळ हातात धरीत नाही; लहान फळ असेल तर सबंध गिळतो. फांदीच्या टोकाचे फळ गाठण्यासाठी हा डोके खाली करून चक्क लोंबकळतो, आणि संशय आला की जेथे असेल तेथे निश्चल होतो. मग त्याचा हिरवा रंग पानांच्या हिरव्यात असा मिसळतो की डोळ्यासमोर असून दिसेनासा होतो. सकाळी ऊन कोवळे असता मात्र सारा थवा एखाद्या निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर उन्हे खात बसतो. ओळख पटवून घेण्यास ती वेळ सर्वांत सोईची. त्याचा स्वर साध्या पारव्याच्या घुमण्यासारखा नाही. ती एक मृदू, चढउतार असलेली शीळ आहे. कोणी माणूस झाडात बसून हलकेच शीळ घालीत आहे की काय, असे आम्हांस प्रथम वाटले.

हिरवे कबूतर! उत्तरपत्रिकेतील ते शब्द त्या क्षणी आम्हांस आठवले. मग पुस्तके काढिली. सालिम अली ह्यांचे भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध पुस्तक १९४१ साली निघाले. त्यात हा पक्षी आहे. आमच्यासारख्या संस्कृतच्या माणसास अधिक लाजविणारे पुस्तक म्हणजे के. एन. दवे ह्यांचा संस्कृत वाङ्मयातील पक्ष्यांवरील ग्रंथ. तो १९८५ साली प्रसिद्ध झाला. ‘पक्षिविशेष’ म्हणून सोडून दिलेल्या नावांमागील खरी पाखरे शोधण्याचे काम त्या गृहस्थांनी ग्रंथभर केले आहे. मराठीत मारुती चितमपल्ली ह्यांनी वनखात्याची नोकरी करीत असता रान आणि संस्कृत ग्रंथ दोन्ही वाचिले आणि आपल्याला ‘पक्षिकोश’ दिला. हारीत, हिंदीतील हरियल आणि आपली हरोळी ही एकाच पाखराची नावे आहेत. महाराष्ट्राने आपला राज्यपक्षी म्हणून ज्याला मान दिला, तोही हाच. तो मुलगा बरोबर होता. आम्ही चुकलो होतो.

चूक कळल्यावर ती कबूल करण्यास जावे की नाही, ह्या विचारात आम्ही पंधरा दिवस घालविले. अर्ध्या गुणासाठी कोणी म्हातारा डोंगर चढतो का, असेही मन म्हणाले. शेवटी एके दिवशी एस. टी.ने फाट्यावर उतरून त्याच्या वाडीवर गेलो. तो आता चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. बापाची शेती पाहतो. आम्हांस पाहून त्याने हातातले खुरपे टाकले, पाया पडला आणि घोंगडी अंथरली. चहा होईपर्यंत आम्ही इकडचे तिकडचे बोललो, मग एकदम म्हणालो, “हारीत म्हणजे हरोळी. तुझे बरोबर होते. आमच्या वडावर आम्ही स्वतः पाहिली.”

तो क्षणभर काही बोलला नाही. मग म्हणाला, “गुरुजी, पाय बघितलासा का त्येंचं?”

आम्ही गोंधळलो. पाय? डोके पाहिले होते, चोच पाहिली होती, बोटे मोजली होती. पायांचा रंग पाहिला नव्हता. तसे सांगितले तेव्हा तो हसून म्हणाला, “मग कुठली हरोळी बघितलासा?” सारा जन्म आम्ही मुलांस विचारीत आलो की, बाळ, नुसते ‘धातू’ म्हणू नकोस, कोणत्या गणाचा ते सांग. तोच प्रश्न आज आमच्याकडे परत आला होता. ‘एक पक्षी’ ह्यावर न थांबता आम्ही ‘हरोळी’पर्यंत आलो होतो, पण हरोळीतही विशेष आहेत आणि आम्ही पुन्हा पहिल्याच पायरीवर थांबलो होतो.

त्या रात्री आम्ही तेथेच मुक्काम केला. पहाटे त्याने आम्हांस वाडीच्या वडाखाली नेले. ऊन आले तसे पक्षी शेंड्यावर दिसू लागले आणि आम्ही प्रथम पाय पाहिले. हळदीसारखे पिवळे! मग तो एकेक खूण सांगू लागला आणि आम्ही दुर्बिणीतून ती ताडून पाहू लागलो. आकार पारव्याएवढा, डोके राखी, मान व छाती पिवळसर हिरवी, खांद्यावर एक फिकट जांभळा ठिपका, पंखांच्या काळसर पिसांवर पिवळी रेघ, मांड्यांवरही पिवळी पिसे. शास्त्रज्ञांच्या नामावळीत ह्याचे नाव ‘ट्रेरॉन फीनिकॉप्टेरस’. जॉन लॅथम ह्या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाने ते १७९० साली दिले. ‘तांबड्या पंखांचा’ असा त्या नावाचा अर्थ आहे आणि तो त्या खांद्यावरील ठिपक्यावरून आला. नाव ठेवणाऱ्याने खांदा पाहिला, आपल्याकडील लोकांनी पाय पाहिले. म्हणून मराठीत ही ‘पिवळ्या पायांची हरोळी’. हिच्या बहुतेक बहिणींचे पाय तांबडे असतात, तेव्हा खूण अचूक आहे. ही हरोळी पानझडीच्या रानात, माळावरच्या वडपिंपळावर, गावात, शहरातील बागांतही राहते. आमच्या देवळामागील वडावरही हीच असणार, असे त्याने सांगितले. घरी परतल्यावर आम्ही पाय पाहिले आणि ते पिवळेच निघाले.

परंतु त्याचा पाठ अजून संपला नव्हता. वाडीच्या वर डोंगराच्या घळीत एक देवराई आहे. तेथे कुऱ्हाड चालत नाही, म्हणून वृक्ष उंच वाढले आहेत. वर पानांचे छत आणि खाली दिवसाही अंधार. नांदरुकाच्या एका प्रचंड झाडास बारीक फळे लागली होती. आम्ही दगडावर बसून राहिलो. अर्ध्या तासाने वर काही हालले. हा पक्षी पहिल्यापेक्षा लहान होता. पाय तांबडे, डोके राखी, आणि पाठीवर जणू कोणी गडद तांबूस-जांभळी शालजोडी पांघरली आहे. शेजारी दुसरा, तसाच, पण पाठ साधी हिरवी, ती मादी. सह्याद्रीच्या व त्याच्या आसपासच्या ओल्या रानांखेरीज ही हरोळी जगात अन्यत्र आढळत नाही. पूर्वी शास्त्रज्ञ हिला लंकेतील व पूर्वेकडील तशाच हरोळ्यांच्या एकाच मोठ्या जातीत घालीत. आता हिची जात स्वतंत्र मानितात. मद्रासच्या सैन्यात शल्यवैद्य असलेल्या थॉमस जर्डन ह्यांनी १८४० साली हिचे शास्त्रीय वर्णन केले. त्याच वर्षी त्यांनी आणखी एका हरोळीचे वर्णन केले आहे. तिच्या नराच्या छातीवर वर जांभळा पट्टा आणि त्याखाली नारिंगी रंग असतो. ती आम्हांस त्या दिवशी दिसली नाही. ह्या दोन्ही जातींच्या माद्या एकमेकींसारख्या हिरव्या; फरक शेपटीच्या मधल्या पिसांत. नारिंगी छातीच्या जातीत ती राखी, देवराईतल्या जातीत हिरवी. फळे खात लोंबकळणाऱ्या पक्ष्याच्या शेपटीची मधली पिसे पाहावयाची म्हणजे डोळ्यांची परीक्षाच आहे. आम्ही त्या परीक्षेस बसलो नाही.

दुपारी आम्ही ओढ्याकाठी भाकरी सोडली. तेथे आम्ही आपला विद्वत्तेचा शिल्लक साठा बाहेर काढिला. उत्तर हिंदुस्थानात अशी समजूत आहे की, हरियल कधी जमिनीस पाय लावीत नाही. खाली येणेच झाले तर पंजात काडी धरून येतो. सूरदासांनी गोपींच्या मुखी हीच उपमा घातली आहे: हरियल जशी काडी सोडीत नाही, तसे आम्ही कृष्णास सोडीत नाही. उपमा सुंदर आहे ह्यात शंका नाही. आमचा माजी विद्यार्थी म्हणाला की, उन्हाळ्यात ह्याच ओढ्यावर त्याने हरोळी पाण्यास उतरलेली पाहिली आहे. पंजात काडी नव्हती, आणि डोके वर न करता तिने एका दमात पाणी ओढून घेतले. हे शेवटचे निरीक्षण शास्त्रास धरून आहे. बहुतेक पक्षी चोचीत घोट घेऊन मान वर करितात. कबुतरे चोच पाण्यात ठेवूनच पाणी ओढतात. जमिनीवर हरोळी क्वचितच उतरते, एवढा समजुतीतला अंश खरा, बाकीचा कवींचा. काडीशी तिचा खरा संबंध येतो तो घरटे बांधिताना. चार काड्यांची विरळ तबकडी, तीत दोन पांढरी अंडी, आणि पुढे पिलांस आईबाप दोघेही आपल्या गळ्याच्या पिशवीत तयार होणारे दुधासारखे अन्न भरवितात. पक्ष्यांत बापानेही असे दूध पाजावे, हे कबुतरांच्या कुळाचे वैशिष्ट्य आहे.

आणखी एक विचार आम्ही ह्या लेखासाठी मनात योजून ठेविला होता. तो असा की, हरोळी फळ खाते, बी दूर नेऊन टाकते आणि अशा रीतीने खाल्लेल्या अन्नाची परतफेड करिते. मुलांच्या पुस्तकात शोभेल असा हा बोध. पण तपासून पाहता तोही टिकला नाही. फ्रँक लँबर्ट ह्या पक्षिशास्त्रज्ञांनी मलेशियातील सखल अरण्यात वड-उंबराच्या कुळातील फळे खाणाऱ्या कबुतरांचा अभ्यास करून तो १८८९ साली नव्हे, अगदी अलीकडे, १९८९ साली प्रसिद्ध केला. तेथील हरोळ्यांचा कोठा बळकट असतो. त्यात फळांतील बारीक बिया दळल्या जातात. त्याच रानातील मोठी फलाहारी कबुतरे मात्र बी न फोडता बाहेर टाकितात. आपल्याकडील धनेशही मोठमोठ्या बिया सबंध टाकून वृक्ष पेरीत जातो. म्हणजे एकाच फांदीवर, एकाच पंक्तीस बसलेले हे पाहुणे. त्यांतील एक वनाचा माळी आणि दुसरा वनाचे जाते. नुसता ‘फळ खाणारा पक्षी’ म्हटल्याने हा भेद कळत नाही. कोणता पक्षी, हे विचारल्याशिवाय त्याच्या कामाचाही पत्ता लागत नाही. तेव्हा तो बोध आम्ही मागे घेतला आहे.

निघण्याची वेळ झाली. ज्यासाठी आलो ते अजून नीट बोलून झाले नव्हते. आम्ही म्हणालो, “तुझा अर्धा गुण आम्ही अन्यायाने कापला.” त्याने मान हलविली. “मार्काचं काय न्हाई, गुरुजी. पोरं हसली हुती, तेवढं ध्यानात हाय.”

ह्यावर काय बोलावे ते आम्हांस सुचले नाही. अर्धा गुण पेन्सिलीने वाढविता येतो. हसणे पुसता येत नाही. विभक्तीची रूपे त्याला कधीच जड गेली नव्हती, हे आम्हांस तेथे ओढ्याकाठी कळले. काही वेळाने तोच म्हणाला, “तो श्लोक पुन्यांदा सांगा की.” आम्ही श्लोक म्हटला, पदे फोडून दाखविली, कावेरी, मलय, मिऱ्यांचे वेल, हारीत, असा एकेक शब्दाचा अर्थ सांगितला. पुढील श्लोकांतील वेलदोडे आणि चंदन ह्यांचेही सांगितले. तो लक्ष देऊन ऐकत होता. मग म्हणाला, “सैन्य आलं म्हणून उडाली असतील. न्हाईतर दिसली नसती.”

वाचकहो, त्या श्लोकाचा हा अर्थ आम्ही कोणत्याही टीकेत वाचिलेला नाही. कवीने हारीत फांदीवर बसलेले दाखविले नाहीत, फळे खाताना दाखविले नाहीत, भरारताना दाखविले. जो पक्षी स्वस्थ असता दिसतच नाही, त्याला एवढ्या गजाश्वांच्या गलबल्याने उडविले तेव्हाच तो दिसणार. हे लिहिणाऱ्याने वड किंवा तसेच एखादे झाड खालून पाहिलेले असले पाहिजे, असे आम्हांस वाटते. इतकी वर्षे आम्ही तो श्लोक शिकविला. तो आम्हांस त्या ओढ्याकाठी कळला, आणि सांगणारा तोच होता ज्याला आम्ही त्या श्लोकापाशी गप्प बसविले होते.

आता सोलापूरच्या भगिनींस उत्तर. हारीत म्हणजे हरोळी, हिरवे कबूतर. त्यांतील नेमकी कोणती जात कालिदासाच्या मनात होती, हे शब्दावरून ठरविता येत नाही. ‘हारीत’ हे साऱ्या कुळाचे नाव आहे. मलय म्हणजे सह्याद्रीचे दक्षिणेकडील टोक. तेथील ओल्या रानांत तांबूस पाठीची हरोळी आहे, इतर दोन्ही जाती तिकडे आढळतात. कवीने पाय सांगितले नाहीत. तेव्हा आपणही ‘हरोळी’ येथेच थांबावे, हे प्रामाणिकपणाचे. मात्र आपल्या कन्येस हे उत्तर केवळ वाचून दाखवू नका. सोलापुरात फळांनी लगडलेला एखादा वड शोधा, सकाळी तिला घेऊन त्याखाली उभ्या राहा आणि वाट पाहा. पक्षी दिसले तर प्रथम पाय पाहावयास सांगा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरोळीच्या शिकारीस बंदी आहे. पूर्वी मांसासाठी हिच्या फार शिकारी होत. तेव्हा पाहणाऱ्यास घाबरण्याचे कारण आता तिला उरलेले नाही, फक्त आपण गलबला करू नये.

एक गोष्ट आणखी. हा सर्व वृत्तांत आम्ही त्या गृहस्थाच्या परवानगीने लिहिला आहे. नाव देऊ नये अशी त्याची इच्छा आहे, म्हणून ते दिलेले नाही. खाजगीत जाऊन चूक कबूल केल्यावर पुन्हा येथे लिहिण्याचे प्रयोजन काय, असे सौभाग्यवतींनी विचारले. आमचे उत्तर एवढेच की, तो मुलगा चारचौघांत हसला गेला होता. तेव्हा तो बरोबर होता हेही चारचौघांत सांगितले गेले पाहिजे. त्या वर्गात बसलेले काही विद्यार्थी आज हे मासिक घेतात, हे आम्हांस ठाऊक आहे. त्यांनी आपल्या जुन्या वहीत दुरुस्ती करावी.